पीएफवाल्या ताई, सातपूर कॉलनी, नाशिक: ले-ऑफमध्ये यांनी मला १९ नंबर (सगळा पीएफ काढायचा फॉर्म) भरू दिला नाही

स्टार साडेचार देतोय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. दुकानाचं नाव टाकत नाही कारण ताईच म्हणाल्या की दादा नाव नका टाकू, आधीच बसायला जागा नाही. सातपूर कॉलनीत झेरॉक्स, पॅनकार्ड, लाईट बिल, रेशनकार्ड असं सगळं करून देणारी छोटी छोटी दुकानं आहेत ना, त्यातलंच एक. पाटीवर "पीएफची सर्व कामे" एवढंच, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो दर तिसऱ्या पानाला अडकतो, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि ताई.

आधी माझी परिस्थिती सांगतो म्हणजे कळेल. मी अंबडला एका व्हेंडर कंपनीत सीएनसी ऑपरेटर, आठ वर्षं झाली, गाड्यांचे पार्ट करतो आम्ही. २०२४ च्या दिवाळीनंतर शेड्यूल निम्म्यावर आलं, आधी ओव्हरटाईम बंद, मग तिसरी शिफ्ट बंद, आणि १८ नोव्हेंबरला बोर्डावर नोटीस, आमचं सेक्शन ले-ऑफ. काढलं नाही कोणाला, फक्त काम नाही. पहिले ४५ दिवस निम्मा पगार, आणि निम्मा म्हणजे हातात येणाऱ्याचा निम्मा नाही बरं का, बेसिक आणि डीए मिळून माझे १४,५०० होतात त्याच्या निम्मे, साप्ताहिक सुट्टीचे दिवस त्यात धरत नाहीत, घरभाडं भत्ता बित्ता काही नाही. ४५ दिवसांनंतर काहीच नाही असा करार आधीच सह्या होऊन बसलेला. वर रोज गेटवर जाऊन हजेरीची सही करायची, नाही केली तर त्या दिवसाचे निम्मे पण गेले, म्हणजे पवननगरहून रोज पेट्रोल जाळायचं कशासाठी तर काम नाही हे ऐकायला. घरभाडं, बाईकचा हप्ता, पोरीची शाळेची फी, आणि फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं दिंडोरीला. आमच्यातल्या दहापैकी आठ जणांच्या डोक्यात एकच, पीएफ काढू.

तर मी पहिले ताईंकडे गेलोच नव्हतो. सिडकोत एकजण आहे, सगळ्या कंपन्यांतली पोरं त्याच्याकडेच जातात, त्याचं पण नाव नको. चकाचक ऑफिस, एसी, काचेचं दार, पाण्याची बाटली समोर ठेवतो. त्याने माझा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकला, पासवर्ड मलाच विचारला आणि मी बावळटासारखा सांगितला, आणि पासबुक उघडून आकडा वाचून दाखवला: माझा हिस्सा व्याजासकट १ लाख ६८ हजार, कंपनीचा ५२ हजार. मग म्हणे भाऊ हे तर २ लाख २० झाले, पेन्शनचे वेगळे, आठ वर्षांचे ८.२२ पट, १४,५०० गुणिले ८.२२ म्हणजे १ लाख १९ हजार १९० रुपये. एकूण ३ लाख ३९ हजार. डोळे फिरले माझे, खोटं कशाला बोलू. एवढा आकडा माझ्या नावापुढे मी कधी पाहिलाच नव्हता. फी किती तर शेकडा ८, म्हणजे २७ हजार, पैसे आल्यावर द्यायचे, पण २ हजार आता.

त्याचा प्लॅन असा, की शेवटचा पीएफ नोव्हेंबरचा भरला जाईल, त्यानंतर दोन महिने झाले की पोर्टलवर मेंबरला स्वतःलाच एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकता येते, कंपनीला विचारायची गरज नाही, मग १९ नंबर आणि १० सी (पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म) भरायचा, विषय संपला. मी म्हटलं पण मी तर नोकरी सोडलेलीच नाही. तर म्हणे कंपनी बंद पडल्यावर काय करशील, तीन वर्षांनी व्याज बंद होतं आणि पैसा सरकारजमा. आणि हो, मोबाईल नंबर आपल्या ऑफिसचा लावून घेऊ, ओटीपीसाठी तुला सारखं यायला नको. त्याच्या टेबलावर एक लाल रजिस्टर होतं, त्यात सगळ्यांची नावं, यूएएन, पासवर्ड ओळीने लिहिलेले, माझं पण लिहिलं त्याने. तेवढ्यात कोणाचातरी फोन आला त्याला, आणि मी सुट्टे आणतो सांगून बाहेर पडलो. खरंतर सुट्टे होते माझ्याकडे.

ताईंचा पत्ता आमच्या टूल रूमच्या काकांनी दिला. गेलो तर पहिला अर्धा तास खुर्चीच मिळाली नाही, एक आजी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लावत होत्या आणि तो काही लागत नव्हता. माझा नंबर आल्यावर मी फुशारकीने म्हटलं, ताई १९ नंबर भरायचाय. त्यांनी वर न बघता विचारलं, नोकरी सुटली का? म्हटलं ले-ऑफ. तेव्हा वर बघितलं. हजेरीच्या मस्टरवर नाव आहे? आहे. रोज सही करता? करतो. मग नोकरी आहे दादा तुमची, १९ कशाला भरताय, १९ नोकरी संपल्यावर भरतात.

इथेच माझे साडेचार स्टार झालेत खरंतर, बाकी सगळं त्यावर. कायद्यात ले-ऑफचा अर्थच तो आहे, मस्टरवर नाव आहे, कामावरून कमी केलेलं नाही, पण मालक काम देऊ शकत नाही. हे मला आठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी पण विचारलं नव्हतं. आपल्याकडे ले-ऑफ शब्द ऐकला की माणूस गेलाच समजतात, आयटीवाल्यांच्या बातम्यांमुळे असेल.

मग त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे फिरवला, म्हणाल्या पासवर्ड तुम्ही टाका मी तिकडे बघते, आणि खरंच मान वळवून बसल्या. मी लाल रजिस्टरची गोष्ट सांगितली तर पहिलं काम पासवर्ड बदलायला लावला आणि मोबाईल नंबर माझाच आहे ना ते तपासलं. होता, थोडक्यात वाचलो.

व्याजाचं त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवा, कारण ही थाप नाशिकभर फिरतेय. ५५ च्या आत नोकरी सुटली तरी खात्यावर ५८ वर्षांपर्यंत व्याज चालू राहतं, २०१६ पासून हा नियम आहे. तीन वर्षांनी खातं निष्क्रिय होतं ते ५५ नंतर रिटायर होऊन पैसे न काढणाऱ्यांचं. आणि माझी तर नोकरीच सुटलेली नाही. व्याज ८.२५ टक्के, २०२३-२४ ला पण तेवढंच, २०२४-२५ ला पण. ताई म्हणाल्या दादा कोणती पतसंस्था देते तुम्हाला बिनघोर सव्वाआठ, आणि कोणती देते तिथे ठेवायची हिंमत आहे का तुमची. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको.

पेन्शनचा भाग मला सगळ्यात उशिरा समजला, दोनदा विचारलं. कंपनी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के पेन्शन स्कीममध्ये जातात, म्हणून कंपनीचा हिस्सा पासबुकात एवढा बारीक दिसतो, मी इतकी वर्षं कंपनीच खाते समजत होतो. पेन्शन मिळायला दहा वर्षं सेवा लागते, आणि साडेनऊ झाली तरी दहा धरतात. माझी आठ वर्षं चार महिने. म्हणजे आणखी वर्ष-सव्वा वर्ष काढलं की पेन्शन पक्की. आणि तो सिडकोवाला मला १० सी भरून ती आठ वर्षं शून्य करायला सांगत होता. ताईंनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब केला, पगार गुणिले वर्षं भागिले ७०, म्हणजे १४,५०० गुणिले ८ भागिले ७०, महिन्याला १,६५७ रुपये. या आठ वर्षांमुळे ५८ नंतर पेन्शनमध्ये एवढे जास्त येतील, मरेपर्यंत, आणि माझ्यामागे बायकोला त्यातला वाटा. मी म्हटलं १,६५७ ने काय होतंय ताई. तर म्हणाल्या त्या मघाच्या आजींना विचारा, त्यांना हजार येतात आणि त्यासाठी त्या चार वेळा अंगठा घासत होत्या. गप्प बसलो.

बरं, पण पैसे तर लागत होतेच ना. त्यासाठी ३१ नंबर, म्हणजे ॲडव्हान्स. नोकरीत राहून काढता येतो, परत भरायचा नसतो, खातं चालू राहतं. यात कारण निवडायचं असतं आणि तिथे खरी गंमत आहे. सगळे आजारपण टाकतात कारण त्याला किती वर्षं झाली ते विचारत नाहीत. सिडकोवाला तर म्हणे सरसकट आजारपणच टाकतो, आख्खी कंपनी आजारी. ताई खोटं कारण टाकत नाहीत, सरळ सांगतात की मी नाही भरणार, बाहेर जाऊन भरा. मी म्हटलं मग "दोन महिने पगार नाही" असं एक कारण दिसतंय, ते टाका. ते पण नाही, कारण मला तेव्हा निम्मे पैसे मिळत होते. फॅक्टरी १५ दिवसांपेक्षा जास्त बंद आणि भरपाई काहीच नाही, किंवा सलग दोन महिने पगार नाही, असं असेल तर ते कारण, आणि त्यात आपला पूर्ण हिस्सा व्याजासकट काढता येतो. माझं दोन्हीत बसत नव्हतं. मग यादीत "वीज कपात" दिसलं, मी हसलो, म्हटलं हे काय. तर ते पण खरं कारण आहे, १९७३ च्या काळातलं, वीज नसल्यामुळे पगार कमी झाला तर ॲडव्हान्स, जास्तीत जास्त किती तर ३०० रुपये. तीनशे! ताई म्हणाल्या एवढ्या वर्षांत एकाचं पण भरलं नाही मी.

शेवटी बहिणीच्या लग्नाचं खरं कारण होतंच की. सात वर्षं झालेली हवीत, स्वतःचं, मुलांचं किंवा भावाबहिणीचं लग्न चालतं, आपल्या हिश्शाच्या निम्मे मिळतात. म्हणजे मला ८४ हजारांपर्यंत. मी म्हटलं टाका ८४. तर परत तो पाठकोरा कागद. तुमचं वय ३४, ५८ पर्यंत २४ वर्षं, ६० हजार आत राहिले तर सव्वाआठ टक्क्यांनी ४ लाख होतात, आता बोला किती काढू. हा प्रश्न असा विचारला की मला ८४ म्हणवेना. घरी फोन लावला, बायको म्हणाली ६० मध्ये भागवू, भिशी माझी जानेवारीत आहे. साठ टाकले.

फॉर्मला वीस मिनिटं. चेकचा फोटो लागला ज्यावर नाव छापलेलं असेल, तो मी आणलेला नव्हता म्हणून एक चक्कर वाढली (आता २०२५ पासून ते चेकचं काढून टाकलंय म्हणे, चांगलं झालं). बँक खातं आधीच जोडलेलं आणि मंजूर होतं म्हणून वाचलो. माझ्यासोबतच्या एकाची बँक बदललेली, नवीन खात्याला तेव्हा कंपनीची डिजिटल सही लागायची, आणि कंपनीत सही करणारा एचआरवाला ले-ऑफमध्ये आठवड्यातून एकदा यायचा, तो पोरगा तीन आठवडे लटकला. म्हणून केवायसी, नाव, जन्मतारीख हे सगळं धंदा चांगला चालू असताना तपासून ठेवा, काम थांबल्यावर नाही. आपल्या लोकांचं तर नावातच अर्ध्या भानगडी, आधारवर आडनाव शेवटी, पीएफला आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. पैसे सहाव्या दिवशी खात्यात आले. ताईंची फी १५० रुपये. १५०! २७ हजारांच्या पुढे १५०. आणि त्यांनीच सांगितलं की हे घरी सरकारच्या उमंग ॲपवर फुकट होतं, सरकार एक रुपया घेत नाही, पुढच्या वेळी स्वतः करा. असं कोण सांगतं हो धंद्यात बसून.

निघताना म्हणाल्या नॉमिनी कोण आहे बघू. आई. कारण नोकरीला लागलो तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. तर लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, म्हणजे माझ्या खात्याला सहा वर्षं नॉमिनीच नव्हता. आणि पीएफसोबत विमा पण असतो, नोकरीत असताना काही झालं तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत, हे पण मला पहिल्यांदाच कळलं. बायकोचा आणि पोरीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला, आधारचा ओटीपी टाकून ई-साईन केलं, १०० रुपये. हे काम मी आलोच नव्हतो करायला.

आता अर्धा स्टार. एक तर दुपारी १ ते ४ बंद, कंपनीतला माणूस पहिल्या शिफ्टहून सुटून येतो तेव्हा नेमकं शटर. दुसरं, ताई बोलतात फार लागट. समोर पाच माणसं असताना "आठ वर्षं पासबुक उघडलं नाही तुम्ही?" असं म्हणायची काय गरज. बरोबर होतं ते, पण तरी. तिसरं, मी विचारलं की ले-ऑफच्या महिन्यांचं पासबुकात काय दिसेल, तर त्यांनी घाईत "दिसेल कमी" एवढंच सांगितलं आणि मी जानेवारीचा महिना रिकामा बघून घाबरलो. नंतर हेल्पलाईनला फोन लावून समजून घेतलं, १४४७० नंबर आहे. काम नसलेल्या दिवसांना कंपनी पीएफच्या महिन्याच्या चलनात बिगरवर्गणीचे दिवस म्हणून दाखवते, आमच्याकडे त्या निम्म्या पैशांवर पीएफ कापलाच नव्हता, त्यामुळे डिसेंबर पण रिकामाच. त्याने आधीची वर्षं पुसली जात नाहीत. बघायचं असतं ते सर्व्हिस हिस्ट्रीत, तिथे तुमच्या कंपनीपुढे एक्झिट डेट पडलेली नको. मी तेव्हा दर आठवड्याला बघायचो, सवयच लागली.

३ फेब्रुवारीला कंपनीने परत बोलावलं. आणि आता त्या दुसऱ्याची गोष्ट, नाव नाही घेत, माझ्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला होता. त्याने सिडकोत २ हजार दिलेले. जानेवारीच्या शेवटी दोन महिने झाले तशी त्याची एक्झिट टाकली, लगेच क्लेम टाकला, आणि चार दिवसांनी कंपनीचा फोन, सोमवारपासून या. हा आला तर एचआर म्हणे तू तर स्वतःच नोकरी सोडल्याचं टाकलंयस. घेतलं त्याला, पण नवीन म्हणून. नवीन मेंबर आयडी, पेन्शनची वर्षं पहिल्यापासून, आणि ग्रॅच्युइटी जुनी धरायची का यावर अजून वाद चालू आहे. त्यात त्याची सेवा पाच वर्षांच्या आत होती म्हणून १० टक्के टीडीएस पण कापला गेला, तो कापू नये म्हणून तेव्हा १५ जी फॉर्म भरायचा असायचा हे त्याला कोणी सांगितलंच नाही. पैसे किती राहिले शेवटी विचारलं तर सांगत नाही तो. नवीन बुलेट पण नाही घेतली की आम्ही म्हणू गेले कुठे.

नियम आता बदलतायत, तेवढं ध्यानात ठेवा, माझं सगळं २०२४-२५ चं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या बोर्डाने ठरवलं की काढायची १३ कारणं ३ गटांत आणायची, २५ टक्के खात्यात ठेवायचेच, आणि नोकरी सुटल्यावर सगळं काढायला दोन ऐवजी १२ महिने, पेन्शनचे काढायला ३६ महिने थांबायचं. आमच्या शिफ्टमध्ये यावर लय शिव्या पडल्या, आमचेच पैसे आम्हाला देत नाहीत म्हणून. मला तेवढा राग नाही आला. मी त्या एसीतल्या खुर्चीत बसलेलो आहे.

जाणार असाल तर सकाळी ११ च्या आत जा किंवा ४ नंतर. आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून न्या, तिथे प्लगला आधीच प्रिंटर लावलेला असतो आणि ताई तो काढू देत नाहीत. सुट्टे पैसे न्या, गुगल पे चालतं पण त्यांचा आवाजाचा डबा बिघडलाय, पैसे आले का ते बघायला दरवेळी फोन शोधतात. आणि पासबुक घरून बघून जा, नाहीतर पाच जणांत ऐकून घ्यावं लागेल.